पोती मोजली, पाण्याची वेळ कोणी मोजली?

भंडारा जिल्ह्यात कापडाचा धंदा करणाऱ्याला दोन कॅलेंडरे सांभाळावी लागतात. एक सणांचे, दुसरे धानाचे. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, दिवाळी आपल्या जागेच्या आसपास येते, लग्नसराईही ठरलेली असते. पण गिऱ्हाइकाच्या खिशात पैसा येतो तो धान कापून, मळून, विकून झाल्यावरच. आमच्या वरठीत लोखंडाचा मोठा कारखाना आहे, हावडा लाइनवरचे रेल्वे स्टेशन आहे (स्टेशनचे नाव ‘भंडारा रोड’, गाव वरठी, बाहेरचा व्यापारी अजूनही चुकतो), तेव्हा पगारदार गिऱ्हाईकही आहे. तरी उधारीची वही उघडली की त्यात बहुतेक नावे बांधीवाल्यांचीच दिसतात. मोहाडी तालुक्यातल्या एखाद्या गावात लोंबी पोचट निघाली की त्या गावाचे पान आमच्या वहीत पुढच्या वर्षापर्यंत तसेच राहते.

म्हणून व्यापाराच्या पानावर आज आम्ही धानाच्या पाण्याबद्दल आणि खताबद्दल लिहीत आहोत. काही बांधव म्हणतील, हे कृषी खात्याचे काम, कापडवाल्याने यात कशाला पडावे? आमचे उत्तर असे की शेतकऱ्याच्या चुकीची वसुली शेवटी आपल्याच गल्ल्यातून होते. आणि त्या चुकीत आपलाही हात असतो. या दुसऱ्या गोष्टीसाठीच हा लेख आहे.

प्रथम आमची स्वतःची चूक सांगतो. वडिलांच्या वेळची दीड एकर बांधी आहे. आम्ही ती बटईने देतो. काही वर्षांपूर्वी हंगामाच्या सुरुवातीलाच आम्ही मोठ्या उत्साहाने युरियाची तीन पोती एकदम पाठवली. म्हटले, माल आधी घरात असलेला बरा, पुढे टंचाई झाली तर धावाधाव नको. बटईदाराने रोवणीनंतर आठवड्याभरात ती तिन्ही पोती फेकून टाकली. बांधीत तेव्हा गुडघ्याला थोडे कमी इतके पाणी होते. त्याच रात्री पाऊस आला, धुऱ्यावरून पाणी उलटले आणि आमचे अर्धे खत शेजाऱ्याच्या बांधीत, तिथून नाल्यात गेले. तरीही ऑगस्टमध्ये शेत असे काळेभोर हिरवे झाले की पाहून आमची छाती फुगली. शेजाऱ्याला मुद्दाम दाखवून आणले. मग दाट वाढलेल्या धानात तुडतुडे शिरले, गर्भाच्या वेळी पीक पिवळे पडू लागले, आणि निसव्याच्या वेळी पाऊस गेला तो गेलाच. पाणी मागितले, आज येते, उद्या येते करत ते अकरा दिवसांनी आले. तोवर लोंब्या उभ्या होत्या खऱ्या, पण हलक्या होत्या. भरलेली लोंबी मान खाली घालते, हे आम्हाला त्या वर्षी कळले.

तेव्हापासून आम्ही या विषयाची माहिती घेत आलो. साकोलीला कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे. तिथे जाणाऱ्या जाणत्या शेतकऱ्यांकडून, विद्यापीठाच्या पुस्तिकांवरून आणि आमच्या गिऱ्हाइकांच्या तजुर्ब्यावरून जे समजले, ते व्यापाऱ्याच्या भाषेत मांडतो.

युरियाच्या १०० किलोत ४६ किलो नत्र असते. आजचे पोते ४५ किलोचे (२०१८ पूर्वी ते ५० किलोचे होते), म्हणजे पोत्यात साधारण २१ किलो नत्र. आपल्या भागात सुधारित धानाला हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद आणि ५० किलो पालाश अशी शिफारस आहे. एकराच्या हिशेबाने ४० किलो नत्र आणि २० किलो स्फुरद झाले. स्फुरदासाठी डीएपी घातले तर एक पोतेसुद्धा पुरे लागत नाही, आणि त्याच्याबरोबर सात-आठ किलो नत्रही येते. उरलेल्या नत्रासाठी एकरी दीड पोते युरिया लागतो. दीड! आमच्या भागात अडीच-तीन पोती टाकणारे आम्ही पाहिले आहेत, आणि टाकून झाल्यावर ‘यंदा खताला कमी केले नाही’ असे अभिमानाने सांगणारेही.

आणि हे दीड पोतेसुद्धा एका दिवशी द्यायचे नसते. नत्राचा अर्धा हिस्सा रोवणीच्या वेळी, पाव हिस्सा फुटवे येताना आणि पाव हिस्सा लोंबी पोटात धरायच्या सुमारास, अशी वाटणी आहे. कामठीच्या किंवा मालेगावच्या रंगाऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. रंगाच्या टाकीत सगळे मीठ एकदम ओतले तर रंग सुतावर सारखा चढत नाही, डाग पडतात, आणि न चढलेला रंग गटारात जातो. म्हणून उस्ताद मीठ दोन-तीन वेळा थोडे थोडे टाकतो, मध्ये सूत फिरवतो, वेळ देतो. धानाचे मूळही असेच आहे. त्याला जेवढे उचलता येते तेवढेच ते उचलते. बाकीचे नत्र वायू होऊन हवेत जाते, झिरपून खाली जाते किंवा पाण्याबरोबर वाहून जाते. पाणी साचलेल्या बांधीत फेकलेल्या युरियापैकी पिकाच्या पोटात जेमतेम तिसरा हिस्सा, फार तर चाळीस टक्के जातो, असे शास्त्रज्ञ सांगतात. कापडाच्या गाठीतले दोन तृतीयांश कापड वाटेतच उंदरांनी खाल्ले तर आपण वाहतूकवाल्याला सोडू का? पण युरियाचे पोते सुमारे २६६ रुपयांना मिळते, त्याच्या कितीतरी पट खर्च सरकार सोसते, म्हणून हे नुकसान कोणाच्या डोळ्यांत भरत नाही.

आता पाणी आणि खत यांचा एकमेकांशी संबंध पाहा, कारण खरी गंमत तिथेच आहे. युरिया उभ्या पाण्यात फेकला की त्यातला बराचसा अमोनिया होऊन उडतो. म्हणून दुसरा-तिसरा हप्ता देण्याआधी बांधीतले पाणी काढायचे, निंदण करायचे, चिखलात खत द्यायचे आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा पाणी घ्यायचे. तेच खत, तेवढेच पैसे. फक्त पाणी आणि खत यांच्या वेळेचा मेळ घातला की ते पिकाला लागते. कोकणात भातासाठी यापुढची पद्धत काढली आहे. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री लागवडीत युरिया-डीएपीच्या पावणेतीन ग्रॅमच्या गोळ्या चार चुडांच्या मध्ये सात ते दहा सेंटिमीटर खोल खुपसतात. हेक्टरी ६२,५०० गोळ्या, म्हणजे सुमारे १७० किलो खत लागते. चिखलाच्या पोटात गेलेले खत पाण्याबरोबर वाहत नाही आणि हवेतही उडत नाही. मजुरी लागते हे खरे, पण खतात मोठी बचत होते. आपल्याकडे ही पद्धत फार रुजली नाही. मजूर मिळत नाही, हे शेतकऱ्यांचे उत्तर आहे, आणि ते खोटे नाही.

पाण्याचा हिशेब याहून डोळे उघडणारा आहे. एक एकर बांधीत पाच सेंटिमीटर पाणी भरायचे म्हटले तर दोन लाख लिटर लागते. दहा सेंटिमीटरला चार लाख. धानाला सदैव तुडुंब पाणी हवे, अशी आपल्याकडे समजूत आहे. विद्यापीठाची शिफारस तशी नाही. रोपे जीव धरेपर्यंत दोन-अडीच सेंटिमीटर, फुटव्यांच्या काळात पाच, आणि लोंबी येण्यापासून दाणा भरेपर्यंत पाच ते दहा. कापणीच्या आधी दहा दिवस पाणी काढून टाकायचे. फुटव्यांच्या वेळी बांधी गच्च भरून ठेवली तर फुटवेच कमी येतात. म्हणजे ऑगस्टमध्ये जास्त पाणी हे नुकसान, आणि ऑक्टोबरमध्ये कमी पाणी हेही नुकसान! आपल्याकडे बहुतेक वर्षी नेमके हेच होते. ऑगस्टमध्ये बांधी फुटेपर्यंत भरलेली, आणि भारी धान निसवत असताना पाऊस परत गेलेला.

फिलिपाइन्समध्ये १९६० साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने यावर एक अगदी साधे साधन दिले आहे. सुमारे एक फूट लांबीचा प्लॅस्टिकचा पाइप घ्यायचा, त्याच्या खालच्या भागाला भोके पाडायची आणि तो बांधीत रोवून आतली माती काढून टाकायची. रोवणीनंतर पहिले दोन आठवडे तण दबण्यासाठी पाणी ठेवायचे. मग पाणी आपोआप आटू द्यायचे. पाइपात डोकावून पाहायचे. पाणी जमिनीखाली पंधरा सेंटिमीटरपर्यंत उतरले की पुन्हा पाच सेंटिमीटर भरायचे. फुलोऱ्याच्या आधीचा आठवडा आणि नंतरचा आठवडा मात्र बांधी सुकू द्यायची नाही. वरून जमीन कोरडी दिसते, पण मुळाला ओल मिळत असते. अशा रीतीने पाण्यात तीस टक्क्यांपर्यंत बचत होते आणि उत्पन्न घटत नाही, असा अनेक देशांतला अनुभव आहे. या पाइपाला शंभर-दोनशे रुपयेही लागत नाहीत, आणि भोके पाडायला आपल्या कोणत्याही फिटरच्या दुकानात ड्रिल मशीन असते.

आम्ही असा एक पाइप करून घेतला आणि दुकानात एका कोपऱ्यात ठेवला. येणारे गिऱ्हाईक विचारते, आम्ही सांगतो. एकदा एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हटले, “भाई, नहराचा पाणी आज आला. उद्या येईल याची गॅरंटी हा पाइप देते का?”

आमच्याजवळ उत्तर नव्हते. नंतर विचार केला तेव्हा कळले की संपूर्ण प्रश्नाची गाठ त्या म्हाताऱ्याने एका वाक्यात दाखवली. ईदच्या आधी सुरतेहून माल वेळेवर येईल असा भरवसा असेल, तर आपण पंधरा दिवसांपुरता माल मागवतो. भरवसा नसेल तर गोदाम भरून ठेवतो, पैसा अडकतो, आणि ईद झाल्यावर तोच माल पडत्या भावात काढतो. आपण लोभी असतो म्हणून असे करतो का? नाही, पुरवठ्याचा भरवसा नसतो म्हणून करतो. शेतकऱ्याची बांधी हेच त्याचे गोदाम आहे. पाणी आले त्या दिवशी तो ते काठोकाठ भरतो, कारण पुढची पाळी कधी येईल ते त्याला ठाऊक नसते. वरचा भरून ठेवतो म्हणून खालच्याला मिळत नाही, आणि खालच्याला मिळत नाही म्हणून तोही संधी मिळताच मोरी फोडतो. तेव्हा पाण्याची उधळपट्टी थांबवायची तर आधी पाण्याच्या तारखा पक्क्या व्हायला हव्यात. त्याच फिलिपाइन्समधल्या बोहोल बेटावर पाणी आळीपाळीने ठरलेल्या वेळी सोडायला सुरुवात झाली, तेव्हाच ही पाइपाची पद्धत चालली आणि कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्यांना पाणी पोचू लागले.

आपल्या जिल्ह्याला पाणी कमी आहे असे कोण म्हणेल? वैनगंगा आहे. पूर्व विदर्भात सहा हजारांवर मालगुजारी तलाव आहेत, ज्यांच्या बांधणीत गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाची कारागिरी आहे. पवनीजवळ गोसीखुर्द आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली, २००९ साली तो राष्ट्रीय प्रकल्प झाला, आणि अडीच लाख हेक्टरचे सिंचन ही त्याची मूळ कल्पना. तुमसर-मोहाडीला बावनथडीचे पाणी आहे. पण १९५१ साली मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले, तेव्हा पाणी कोणी, कधी, किती घ्यायचे हे ठरवणारी गावातली जुनी व्यवस्थाही हळूहळू मोडली. जुन्या व्यवस्थेत मालगुजाराची जुलूमजबरदस्ती होती, तिचे कौतुक आम्हाला करायचे नाही. पण तिच्यात पाण्याची पाळी माहीत असे. आज तलावात गाळ आहे, पाटाला भगदाडे आहेत, आणि पाळीची तारीख विचारायला गेले तर एक टेबल दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवते.

कायदा नाही असेही नाही. २००५ साली महाराष्ट्रात सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांकडे देण्याचा कायदा झाला. नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड प्रकल्पावर शेतकऱ्यांच्या संस्था पाणी मोजून घेतात आणि आपसात वाटतात. राज्यभरातले लोक ते पाहायला जातात. पंजाबने तर २००९ साली कायदा करून ठरावीक तारखेच्या आधी धानाची रोवणीच बंद केली, कारण भर उन्हाळ्यात लावलेले धान जमिनीतले पाणी पिऊन टाकत होते. वेळ बदलल्याने पाणी वाचते, हे तिथे कायद्याने मान्य केले. आपल्याकडे उन्हाळी धान दरवर्षी वाढत आहे, बोअर खोल जात आहेत. शेतीपंपाला २०२४ पासून राज्यात साडेसात हॉर्सपॉवरपर्यंत बिल माफ आहे. शेतकऱ्याला दिलासा मिळाला, त्याचे वाईट वाटायचे कारण नाही. पण रात्री वीज येते म्हणून मोटार सुरू करून झोपी जायचे आणि सकाळी बांधी ओसंडून वाहताना पाहायची, ही सवय फुकट विजेने लवकर सुटणार नाही.

इथे आपल्या कारागीर बांधवांचीही एक गोष्ट स्पष्ट लिहितो, राग मानू नये. मोटार वाइंडिंग, पंपदुरुस्ती, बोअरचे पाइप, वेल्डिंग या कामांत आपले पुष्कळ लोक आहेत. रात्रभर चाललेली मोटार जळते तेव्हा वाइंडिंगवाल्याच्या घरी चूल पेटते. पाण्याच्या उधळपट्टीत आपलाही रोजगार आहे, हे आपण मान्य केले पाहिजे. पण ज्या गावात बोअर आटले त्या गावात मोटारीच उरत नाहीत, मग वाइंडिंग कशाची करणार?

आता मूळ मुद्द्यावर येतो. आपला हात यात कुठे आहे?

खताच्या दुकानातली उधारी हंगामाच्या सुरुवातीला एकदाच उघडते. शेतकरी जुलैत येतो, सगळी पोती एकदम नेतो, कारण ऑगस्टमध्ये पुन्हा आला तर दुकानदार ‘आधीचे दे’ म्हणतो. शिवाय ऐन हंगामात युरिया मिळेल की नाही, मिळाला तर त्याच्याबरोबर नको असलेली बाटली किंवा पाकीट गळ्यात मारतील की काय, ही धास्ती असतेच. सगळी पोती घरात आली की ओल लागून गोळे होण्याची भीती, ठेवायला जागा नाही, शेजारी मागायला येतो. मग ती एकदम बांधीत जातात. शास्त्रज्ञ सांगतात तीन हप्ते आणि आमची उधारी सांगते एक हप्ता. शेतकरी कोणाचे ऐकेल? जो माल देतो त्याचेच ऐकणार. त्याला अडाणी म्हणणे सोपे आहे. पण तो आपल्या उधारीच्या नियमांनी वागत आहे आणि त्यात त्याचे पीक बिघडत आहे.

तशीच आपली वसुली. आम्ही कापडवाले, किराणावाले सगळे दिवाळीच्या तोंडावर तगादा लावतो. भारी धान तेव्हा उभेच असते, त्याची कापणी-मळणी त्यानंतर. तगाद्यामुळे शेतकरी हातातले हलके धान खाजगी व्यापाऱ्याला मिळेल त्या भावाने घालतो, किंवा ऑक्टोबरच्या शेवटच्या पाण्यासाठी डिझेलला ठेवलेले पैसे आम्हाला आणून देतो. आम्ही खूश होतो, वसुली झाली म्हणतो. त्या एका पाण्यावाचून एकरी दोन क्विंटल धान कमी झाले तर? २०२४-२५ च्या हंगामात साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला २३०० रुपये होता. दोन क्विंटलचे ४६०० झाले. एका घरचे सणाचे कापड त्यात निघते. म्हणजे आम्ही पाचशे रुपये आधी वसूल केले आणि चार हजारांचे गिऱ्हाईक स्वतःच्या हाताने घालवले. याला कोणी धंदा म्हणत असेल तर म्हणो.

खतविक्रेत्या बांधवांना आणखी एक विनंती आहे. रोखीचा भाव आणि उधारीचा भाव सौद्याच्या वेळीच ठरवून घेणे वेगळे, आणि मुदत टळली म्हणून रकमेवर रक्कम चढवत जाणे वेगळे. दुसरी गोष्ट व्याजच आहे, तिला दुसरे नाव दिल्याने ती हलाल होत नाही. आलिमांना विचारून घ्यावे. आणि जमले तर तीन पोत्यांची उधारी तीन तारखांना द्यावी. युरियाची चिठ्ठी एकच असावी, पण माल रोवणीला, फुटव्याला आणि गर्भाला उचलावा, असा करार करावा. पोते दुकानाच्या कोरड्या गोदामात राहील, शेतकऱ्याच्या पडवीत भिजणार नाही. विक्री पोत्या-दोन पोत्यांनी घटेल हे खरे. पण वसुली होणारी दोन पोती बुडणाऱ्या तीन पोत्यांहून बरी, हा हिशेब आपल्यातल्या कोणाला येत नाही?

पाण्याच्या वाटपाबद्दल आपल्याकडे जी शिकवण आहे तिची आठवण इथे होते. मदीनेत ह. जुबैर (रजि.) आणि एक अन्सारी यांच्यात पाटाच्या पाण्यावरून तंटा झाला. पाट आधी ह. जुबैर यांच्या शेतातून जात असे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी प्रथम सांगितले की आपल्या शेताला देऊन पाणी शेजाऱ्याकडे सोडावे. अन्सारीने नात्यागोत्याचा आरोप केला, तेव्हा वरच्या शेताचा पूर्ण हक्क किती हे ठरवून दिले गेले, आणि पुढे लोकांनी त्याचे माप घोट्याइतके पाणी असे धरले. बुखारी शरीफमध्ये हा प्रसंग आहे. लहानपणी उर्दू शाळेत मौलवीसाहेबांकडून ऐकला तेव्हा तो केवळ भांडणाचा किस्सा वाटला होता. आता बांधीच्या धुऱ्यावर उभे राहिलो की वाटते, वरच्याने किती घ्यावे आणि खालच्याला केव्हा सोडावे, याचा उल्लेख त्यात मापासकट आहे. घोट्याइतके, गुडघ्याइतके नव्हे. उश्रचा नियमही पाहा. पावसाच्या पाण्यावरच्या पिकातून दहावा हिस्सा आणि खर्च-मेहनत करून पाणी दिलेल्या पिकातून विसावा. हिंदुस्थानातल्या जमिनीला उश्र लागू होतो की नाही, यावर उलेमांची वेगवेगळी मते आहेत, त्यात आम्ही पडत नाही. पण पाण्याला पडलेला खर्च हिशेबात धरला पाहिजे, एवढे तर त्यातून दिसतेच.

काहींचे म्हणणे असेल की आपण अल्पसंख्य, गावात आपली पाच-पन्नास घरे, जमीन त्याहून थोडी. पाण्याच्या तारखेसाठी आपण कशाला अर्ज-विनंत्या कराव्या? आमचे मत उलटे आहे. ग्रामसभेत घरकुलाच्या, रस्त्याच्या प्रश्नावर आपण जातो, मग पाण्याच्या प्रश्नावर का जाऊ नये? सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ज्या ठरावावर शेतकऱ्याच्या सहीशेजारी किराणावाल्याची, कापडवाल्याची, पंपवाल्याची सही असते, तो ठराव वजनदार होतो. ऑक्टोबरच्या पाळीची तारीख आधी जाहीर करा, एवढीच त्यात मागणी असावी. तारीख कळली तर शेतकरी युरियाचा शेवटचा हप्ता त्याच्याशी जुळवील, मजूर सांगून ठेवील, आणि बांधी उगीच काठोकाठ भरणार नाही.

आमच्या दुकानापुरते आम्ही ठरवले आहे. धानवाल्या गिऱ्हाइकांची वसुलीची तारीख दिवाळीवरून काढून, खरेदी केंद्रावर धान गेल्यानंतर पैसे बँकेत जमा होण्याच्या दिवसावर टाकली आहे. पहिल्या वर्षी दोन जणांनी फायदा घेतला आणि पैसे दिले नाहीत, हेही लिहून ठेवतो. बाकीच्यांचे आले. बटईदाराला आता तीन पोत्यांऐवजी सव्वादोन देतो, तेही तीन खेपांत, आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला दुकान अर्धा दिवस बंद ठेवून स्वतः धुऱ्यावर जातो. पाइप त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने मागून नेला आहे. त्याच्या बांधीला बोडीचे पाणी आहे, नहराचे नव्हे. म्हणाला, बोडी माझ्या हातात आहे, तिथे लावून पाहतो.